निवळायला ठेवलेल्या नळ्या

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य आदरणीय यादोरावजी हटवार सर, संस्थेचे उपाध्यक्ष माननीय गोपीचंदजी, व्यासपीठावर हारांच्या मागे जवळजवळ दिसेनासे झालेले आजचे सत्कारमूर्ती लांजेवार सर, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या सौ. कौशल्याबाई, म्हणजे आम्हा सर्वांच्या काकू, रंगारी टोलीहून एवढ्या उन्हात आलेल्या रंभाबाई आणि त्यांच्यासोबतची मंडळी, माझे सहकारी आणि विद्यार्थी, आपणा सर्वांना रसायनशास्त्र विभागाच्या सत्यवती भुरेचा नमस्कार.

 

मी प्राचार्यांना विनंती करून शेवटी बोलायला उभी राहिले आहे. शेवटचा वक्ता म्हणजे मोठा वक्ता, असा आपल्याकडे समज आहे. माझं कारण वेगळं आहे. मला सरांबद्दल एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पाच वाजेपर्यंत सांगता येत नाही. सरांनी माझ्याकडून शब्द घेतला होता: "माझ्या नोकरीची शेवटची घंटा होईस्तोवर तोंड उघडायचं नाही." आज तीस एप्रिल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, सरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. समोरच्या घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी आहेत. घंटेपाशी आमचे प्रयोगशाळा परिचर सेवकराम बसले आहेत आणि त्यांना मी सकाळीच बजावलं आहे की आज एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. तोपर्यंत मी जे बोलेन, ते बोलायला मोकळीक आहे असंच बोलेन.

सर मान हलवताहेत. सर, अजून अकरा मिनिटं आहेत. बसा.

आधी या मागच्या कापडी फलकाबद्दल. त्यावर 'डॉ. के. म. लांजेवार यांचा निरोप समारंभ' असं लिहिलं आहे. माझ्या आधीच्या तीनही वक्त्यांनी सौजन्याने सरांना डॉक्टर म्हटलं. मी म्हटलं नाही, ते आदर कमी आहे म्हणून नाही. सर डॉक्टर नाहीत. सकाळी मी हा फलक पाहिला. मी धावत तुलाराम पेंटरांकडे गेले. म्हटलं, "तुलारामजी, पहिलं अक्षर पुसा." ते म्हणाले, "बाई, ओला रंग पुसला त पसरते. वाळू द्या." म्हटलं, "मग वाळल्यावर पुसाल?" तर म्हणाले, "वाळल्यावर जात नाही."

हसा, हसायला हरकत नाही. पण आमच्या विभागातली निम्मी विद्या तुलारामजींच्या त्या दोन वाक्यांत आहे.

पाण्यात विरघळलेला रंग एखाद्या घन पदार्थावर किती वेगाने चिकटतो, हा सरांच्या संशोधनाचा विषय. पुस्तकातला शब्द अधिशोषण. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही शोषण आणि अधिशोषण यांची हमखास गल्लत करायचो. तेव्हा सर खडू खाली ठेवून म्हणायचे, "स्पंजात पाणी मुरते ना, ते शोषण. अन् सांजच्याले बोडीच्या काठच्या बाभळीवर बगळे येऊन बसतात, ते अधिशोषण. बगळे झाडात मुरत नाहीत, वर बसतात." मग वेगाचं गणित. पहिले बगळे येतात तेव्हा सारं झाड रिकामं असतं, पटापट जागा मिळतात. नंतरच्यांना घिरट्या घालाव्या लागतात. म्हणजे बसण्याचा वेग उरलेल्या रिकाम्या जागांवर अवलंबून. सर ते समीकरण फळ्यावर मांडायचे आणि शेजारी एक बाभूळ काढायचे. बाभूळ कधीच नीट जमली नाही. समीकरण नेहमी जमायचं.

सर एकोडीचे. शेतीवाडीच्या घरातले. रोज वरठी स्टेशनवर उतरून सायकलीने यायचे. रंगारी टोली ही वस्ती त्यांच्या वाटेवर. तिथे कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत रंगवायचं एक छप्पर होतं आणि त्याचं लाल पाणी टोलीच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, उतरायचं. सांगतात की एकदा सरांनी बोडीवर पाणी प्यायलेला बैल पाहिला. त्याचं तोंड पान खाल्ल्यासारखं लाल होतं. सर सायकलवरून उतरले, आणि तिथून हा विषय सुरू झाला. रंग धरायला महागडा पदार्थ टोलीने कुठून आणावा? म्हणून सरांनी इथल्या राईस मिलच्या मागे ढिगाने पडलेला धानाचा कोंडा निवडला. तो बंद मडक्यात जाळून त्याचा कोळसा करायचा. हे काम काकूंच्या चुलीवर झालं. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, "काय सांगू बाई, भाजी करपली त हे दिवसभर बोलतेत, अन् कोंडा करपवला त शाबास म्हणतेत!"

कोळसा रंग धरतो, हे लवकर कळलं. प्रश्न होता, किती वेळात? कारण टोलीत जो ड्रम बसवायचा, त्यात कोळशाच्या संगतीत पाणी किती वेळ थांबवायचं, ते या वेगावर ठरणार होतं. याच कामावर सरांनी विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. नऊ वर्षं झाली होती. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती आणि शेवटची मुदत त्र्याऐंशी सालच्या पंधरा जानेवारीला संपत होती. गणित सरांचं होतं. प्रयोगाच्या नळ्या माझ्या होत्या. मी तेव्हा विभागात निर्देशक, म्हणजे डेमॉन्स्ट्रेटर, होते, आणि नेमणूक वर्षाची, दर जूनला नवं पत्र.

आता मला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल, त्याबद्दल क्षमा असावी. आमचं घर नाल्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. त्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले. अंक वडिलांनी, तेजरामजींनी शिकवले, आणि अक्षरांपासून पाणी भरण्यापर्यंत बाकी सारं गोदावरीआत्यानं. आत्याची एक शिस्त होती. बोडीचं पाणी आणलं की ते लगेच वापरायचं नाही. घागर कोपऱ्यात ठेवायची. मी घाई केली की ती म्हणायची, "काहून हात लावतेस? निवळू दे. गढूळ पाहून निवाडा करू नये." ते वाक्य माझ्या हाडात आहे. आत्या आज असती तर...

ही घंटा झाली. ऐकली ना आपण सर्वांनी? पाच ठोके. सेवकरामजी, आभारी आहे.

सर, आता मी बोलू शकते.

या महाविद्यालयात पाच वर्षं एक वाक्य फिरतं आहे. मी ते स्टाफरूममध्ये ऐकलं, वरठीच्या फलाटावर ऐकलं, एकदा तर परीक्षेच्या बैठकीतही ऐकलं: "लांजेवारांना गणित झेपलं नाही, म्हणून ऐन वेळी प्रबंध मागे घेतला." विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हाही सरांना डावलायला ते वाक्य कामी आलं. स्टाफरूममध्ये ते म्हटलं जाई, तेव्हा सर तिथेच चहा पीत बसलेले असत. त्यांनी एकदाही उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, आणि उत्तर माझ्याजवळ होतं.

गणित बरोबर होतं. नळ्या चुकल्या होत्या. माझ्या.

काय झालं ते सांगते. बाटलीत रंगाचं पाणी आणि कोळसा घालून हलवत राहायचं. पाच मिनिटांनी थोडं पाणी नळीत काढायचं, मग दहा मिनिटांनी, मग वीस, असं दोन तासांपर्यंत. प्रत्येक नळीत किती रंग उरला, ते रंगमापक यंत्रावर पाहायचं. पण नळीत पाण्याबरोबर कोळशाची बारीक पूडही येते आणि पाणी गढूळ दिसतं. गाळणकागदातून गाळावं तर कागद स्वतःच थोडा रंग धरतो, म्हणजे नोंद अशुद्ध. मी विचार केला, आपण सचोटीने काम करू. नळी लाकडी घोडीवर उभी करायची, पूड बुडाशी बसू द्यायची, अर्ध्या तासाने वरचं स्वच्छ पाणी यंत्रावर पाहायचं. आत्यानं शिकवलं तसं, निवळू द्यायचं. बावीस दिवस मी प्रत्येक नळी अर्धा तास निवळू दिली.

विद्यार्थ्यांच्या लक्षात आलंच असेल. नळीत कोळसा होता. बगळे बसतच होते. माझा हात थांबला होता, कोळसा थांबला नव्हता. पाच मिनिटांची म्हणून मी लिहिलेली नोंद खरी तर पस्तीस मिनिटांची होती.

आणि गंमत पाहा, या चुकीने आलेख बिघडला नाही. उलट सुरेख सरळ रेषा आली. सगळ्याच नळ्या सारख्याच उशिरा वाचल्या, म्हणून रेषा सरळच राहिली, फक्त जिथून सुरू व्हायला हवी तिथून सुरू होत नव्हती. सर ती रेषा हातात घेऊन म्हणाले होते, "बाकी सारं ठीक आहे सत्यवती, पण ही सुरुवात खाली काहून जाऊन राहिली?" मग आम्ही दोघांनी मिळून कारण शोधलं, की हा कोळसा पहिल्या पाच मिनिटांतच फार जोराने रंग ओढतो. कारण शोधणाऱ्याला कारण सापडतंच.

त्यावर सारं ठरलं. ड्रममधून पाणी दहा मिनिटांत काढायचं. टोलीत उद्घाटनाचा दिवस ठरला. प्रबंधाचा शेवटचा भाग टंकलेखकाकडे जायचा होता.

सोळा डिसेंबरला नळ्या काढल्या आणि वीज गेली. ती दिवसभर आली नाही. यंत्र बंद, म्हणून नळ्या घोडीवर तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सेवकरामजींनी त्या पाहिल्या आणि हाक मारली, "मॅडम, काल त पहिली लाल अन् शेवटची पांढरी होती ना? आज साऱ्या एकाच मायच्या लेकरांवानी दिसून राहिल्या!"

मी पाहिलं. आठही नळ्या सारख्याच स्वच्छ. पाच मिनिटांची आणि दोन तासांची, शेजारी शेजारी, ओळखू येत नव्हत्या.

इथे एक गोष्ट आहे, जी सरांनाही ठाऊक नाही. मी लगेच सरांकडे गेले नाही. दोन तासिका मी ते लपवून ठेवलं. पहिल्या तासिकेला मी स्वतःशी म्हटलं, रेषा सरळ आहे, कोणाला कळणार आहे? दुसऱ्या तासिकेला म्हटलं, जूनमध्ये माझं पत्र येणार नाही. त्या दोन तासिकांत मी मुलांना काय शिकवलं, मला आठवत नाही. त्या वर्गातलं कोणी इथे असेल तर त्यांचीही मी अपराधी आहे. मग मला सरांनी ठरवलेलं उद्घाटन आठवलं. ड्रममधून दहा मिनिटांत लालच पाणी येणार आणि सारी टोली सरांकडे पाहत उभी असणार. मी उठले आणि गेले.

म्हटलं, "सर, माझं चुकलं."

सरांनी ऐकून घेतलं. दोन नळ्या स्वतः काढल्या. एक लगेच यंत्रावर पाहिली, एक अर्ध्या तासाने. फरक दिसला. मग विचारलं, "बावीसही दिवस असंच?"

"हो सर."

"एकही नळी लगेच नाही पाहिली?"

"नाही सर. निवळू दिली."

"कोणं शिकवलं तुले असं?"

"आत्यानं."

मला वाटलं, आता रागावतील. सर म्हणाले, "आत्याले काही बोलू नको. प्यायच्या पाण्याले तेच करावं लागते. मीच नाही विचारलं, नळी किती वेळ ठेवतेस म्हणून." मग खिडकीपाशी गेले. मुदतीला चार आठवडे होते आणि काम सहा महिन्यांचं. तिसऱ्यांदा मुदत मिळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी रडत होते, हेही सांगून टाकते. सर वळून म्हणाले, "हे बाहेर कोणाले सांगशील त जूनमध्ये तुझं पत्र येणार नाही. माझ्या नोकरीची शेवटची घंटा होईस्तोवर तोंड उघडायचं नाही."

मी म्हटलं, "पण लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

"ठेवू दे. माझी नोकरी पक्की आहे."

त्याच आठवड्यात त्यांनी विद्यापीठाला पत्र पाठवलं. कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. मग सायकलीने टोलीत गेले आणि उद्घाटन रद्द झाल्याचं सांगितलं. तिथे रंभाबाईंनी भर चावडीवर विचारलं होतं, "काहून गुरुजी, तुम्ही बी नापास झाले काय?" आणि सर म्हणाले होते, "हो बाई. पुन्हा बसतो परीक्षेले." रंभाबाई, तुम्ही आता पदराने तोंड झाकू नका. तुम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांना विचारायला हवं होतं, त्या आम्ही शिकल्या-सवरल्यांनी तर विचारलंही नाही, परस्पर ठरवून टाकलं.

सरांनी पुन्हा परीक्षा दिली. ज्या कामाची पदवी मिळणार नव्हती, ते काम त्यांनी पहिल्या नळीपासून केलं. प्राणिशास्त्र विभागातून हाताने फिरवायचं यंत्र मागून आणलं. नळी काढली की सेवकरामजी ती त्यात घालून गरगर फिरवायचे, पूड मिनिटाभरात बुडाशी बसायची आणि पाणी लगेच पाहता यायचं. सेवकरामजी म्हणायचे, "आमच्या घरी चक्की फिरवा, इथंबी चक्की फिरवा!" या वेळी रेषा सुरू व्हायची तिथूनच सुरू झाली. पाणी स्वच्छ व्हायला हलवत्या बाटलीत दहा नव्हे, चाळीस मिनिटं लागत होती, आणि ड्रम हलवता येत नाही, म्हणून तिथे दोन तास. चौऱ्याऐंशी साली त्या हिशेबाने ड्रम बसला. रंभाबाई सकाळी छपरातलं रंगाचं पाणी त्यात भरतात, मग चूल पेटवतात, भात उतरवतात, जेवणं आटोपतात आणि मगच तोटी उघडतात. मी त्यांना म्हटलं, घड्याळ आणून देऊ का? तर म्हणाल्या, "कायले? माहा सयपाक दोन तासाचाच आहे."

आज त्यांनी त्या तोटीचं पाणी बाटलीत भरून आणलं आहे. टेबलावर गुच्छाशेजारी ठेवलेली तीच बाटली. पिऊ नये, सरांनी प्यायची परवानगी दिलेली नाही. फक्त उजेडाकडे धरून पाहावी.

मी गेली पाच वर्षं ही गोष्ट जवळ ठेवली. आणि मला धास्ती एकाच गोष्टीची होती. ठेवलेल्या नळीत काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. रंग उतरत जातो. पाच वर्षं ठेवलेली चूकही सांगताना थोडी फिकी होऊन, थोडी शोभिवंत होऊन बाहेर आली तर? म्हणून मी स्मरणावर अवलंबून राहिले नाही. ही विभागाची नोंदवही. पान सत्तेचाळीस. त्याच दिवशी लिहिलेलं आहे. वाचते.

'दि. १७ डिसेंबर १९८२. नमुना काढल्यावर प्रत्येक नळी तीस मिनिटे निवळू दिली. त्या काळात नळीतील कोळसा रंग घेतच होता. म्हणून पान तीन ते सेहेचाळीसवरील नोंदींच्या वेळा खऱ्या नाहीत. चूक माझी आहे. सत्यवती तेजराम भुरे.'

त्याखाली तांबड्या शाईने सरांचं अक्षर आहे.

'पाहिले. वाचण्याची रीत मी तपासली नाही. चूक दोघांची. सोमवारपासून पुन्हा.'

सर, ही वही तुम्हाला भेट द्यावी असं फार मनात होतं. पण ती विभागाची मालमत्ता आहे आणि विभागाची वस्तू घरी नेऊ नये, हे तुम्हीच शिकवलं. म्हणून फक्त दाखवते. नंतर कपाटात ठेवीन. ज्या कोणाला सरांच्या गणिताबद्दल शंका असेल, त्यांच्यासाठी कपाटाची किल्ली सेवकरामजींकडे आहे.

प्राचार्य सरांनी मला शेवटी बोलू दिलं, संस्थेने हा समारंभ घडवला, काकूंनी नऊ वर्षं कोंडा करपवला, टोलीच्या मंडळींनी नापास झालेल्या गुरुजींची वाट पाहिली, त्या सर्वांचे मी आभार मानते. भाषणाच्या शेवटी चुकलं-माकलं पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते आपण रीतीप्रमाणे पोटात घालावं. पान सत्तेचाळीस मात्र पोटात घालू नये. ते उघडंच राहू द्यावं.

आणि या फलकाचं काय करायचं, ते मी सकाळपासून ठरवू शकले नव्हते. तुलारामजी म्हणतात की कापडाने धरलेला रंग आता जायचा नाही. मग राहू द्या. फक्त तो वाचताना शेजारी ही वही उघडी ठेवावी, एवढीच विनंती करते आणि आपली रजा घेते.

नमस्कार, सर.